घोड्यावरचा राजा आणि वर्गातलं चित्रवाचन



आज सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

मागे एका शिवजयंतीला आमच्या शाळेत चित्रकला स्पर्धा होती. विषय नेहमीचाच, छत्रपती शिवाजी महाराज. परीक्षक मी. टेबलावर सगळी चित्रं मांडली आणि लक्षात आलं, की जवळजवळ सगळी एकाच ठशाची आहेत. पुढचे पाय उचललेला घोडा, त्यावर महाराज, उजव्या हातात तलवार, मागे भगवा आणि कोपऱ्यात किल्ला. चौथीतल्या एका मुलीचं चित्र तेवढं वेगळं होतं. तिचे महाराज घोड्यावरून उतरून ओढ्याकाठी उभे होते. हातात लगाम, आणि घोडा मान खाली घालून पाणी पीत होता.

मी विचारलं, "अगं, महाराज घोड्यावर का नाहीत?"

ती म्हणाली, "बाई, घोडा दमलाय ना."

मी हसले आणि पुढच्या चित्राकडे वळले. तिला नंबर दिला नाही. वर चित्राच्या मागे शेराही लिहिला, 'महाराजांचा रुबाब दिसत नाही.'

तो शेरा अजून डोक्यातून जात नाही. रुबाब म्हणजे नेमकं काय? तो घोड्यावर बसल्यानेच येतो का? आणि राजा म्हटला की तो घोड्यावरच हवा, हे मला कोणी शिकवलं? पुस्तकाने तर नाही. चौकातल्या पुतळ्यांनी, कॅलेंडरांनी आणि गाड्यांच्या मागच्या काचांवरच्या स्टिकरांनी शिकवलं. तेच मी मुलांना शिकवत होते, आणि कोणी वेगळं काढलं तर मार्क कापत होते.

धड्यातले महाराज आणि चौकातले महाराज

चौथीला आपण शिवछत्रपतींचा इतिहास शिकवतो. त्यातले मुलांना सर्वांत आवडणारे प्रसंग आठवून पाहा. 1659 साली प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाची भेट झाली, ती शामियान्यात, समोरासमोर उभं राहून. 1660 मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटले ते पालखीतून, आणि दुसऱ्या पालखीत शिवा काशीद होता. 1663 साली लाल महालात शायिस्ताखानावर छापा घातला, तो रात्रीच्या अंधारात, पायी. 1666 मध्ये आग्र्याच्या दरबारात महाराज ताठ मानेने उभे होते आणि सुटकेच्या धड्यात तर मुलं पेटाऱ्यांची वाट बघत बसतात. 1674 चा राज्याभिषेक सिंहासनावर.

म्हणजे आपल्या सगळ्यांत आवडत्या प्रसंगांत ऐन क्षणी महाराज घोड्यावर नाहीतच! तरी मुलांना 'महाराज काढा' म्हटलं की घोडा येतो.

याचा अर्थ घोडा खोटा आहे असा नाही. मराठ्यांचं बळ घोडदळात होतंच. सरकारातून घोडा मिळणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार, हे आपण शिकवतोच. महाराजांनी आयुष्यात घोड्यावरून केवढी मजल मारली असेल! पण चौकातला पुतळा एखादा ठरावीक प्रसंग सांगत नसतो. तो एक नातं सांगत असतो. वर कोण, खाली कोण, आणि लगाम कोणाच्या हातात.

घोडा काय काय बोलतो?

ही भाषा फार जुनी आहे, आणि ती एकट्या आपली नाही. रोममध्ये मार्कस ऑरेलियस या सम्राटाचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा आहे, सुमारे 1800 वर्षांपूर्वीचा. सम्राटाच्या हातात शस्त्र नाही, अंगावर चिलखत नाही. त्याने नुसता उजवा हात पुढे केला आहे. घोड्याने पुढचा एक पाय उचललाय. एवढ्यावरच पाहणाऱ्याला कळतं की हा माणूस हुकूम देणारा आहे. कसं कळतं?

पहिली गोष्ट उंचीची. घोड्यावरच्या माणसाकडे पाहायला आपल्याला मान वर करावी लागते. त्यात खाली चौथरा असला की विचारूच नका. वर्गात आपण खुर्चीवर आणि मुलं सतरंजीवर बसली की काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट लगामाची. घोडा माणसापेक्षा कितीतरी ताकदवान. तो उधळला तर चार माणसांना आवरत नाही. असा प्राणी एका हाताने सांभाळायचा आणि दुसरा हात मोकळा ठेवायचा, तलवारीसाठी, राजदंडासाठी किंवा नुसता इशारा करण्यासाठी. पाहणारा मनातल्या मनात हिशेब करतो, की जो एवढं जनावर सहज आवरतो, तो राज्यही आवरेल. म्हणून चित्रात घोडा जेवढा तापलेला, तेवढा राजाचा चेहरा शांत दाखवतात.

तिसरी गोष्ट आजूबाजूच्या माणसांची. पुष्कळ चित्रांत राजा घोड्यावर आणि बाकीचे पायी असतात. काही चित्रांत तर दुसरं कोणी दाखवतच नाहीत. टिशियन या चित्रकाराने 1548 मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सचं चित्र काढलं. आदल्या वर्षी म्यूलबर्गची लढाई चार्ल्सच्या बाजूने जिंकली गेली होती. पण चित्रात शत्रू नाही, सैन्य नाही, रक्ताचा थेंब नाही. संधिप्रकाश, मोकळं मैदान आणि भाला घेतलेला एकटा स्वार. जणू ती लढाई त्याने एकट्यानेच जिंकली! प्रत्यक्षात त्या काळात चार्ल्स सांधेदुखीने बेजार होता. चित्रातला माणूस मात्र ताठ बसलाय. आज हे चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे.

घोडा की खेचर?

मुलांना हा विषय सांगायला सगळ्यांत सोपं उदाहरण नेपोलियनचं. मे 1800 मध्ये नेपोलियनने सैन्यासह आल्प्स पर्वत ओलांडला. त्यावर दाविद या चित्रकाराने काढलेलं चित्र तुम्ही नक्की पाहिलं असेल. पुढचे पाय उचललेला घोडा, वाऱ्यावर उडणारा झगा, वर रोखलेला हात. चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नाही. खालच्या खडकांवर नावं कोरली आहेत. बोनापार्टचं नाव आहेच, शिवाय त्याच्या आधी आल्प्स ओलांडणाऱ्या हॅनिबलचं आणि सम्राट शार्लमेनचंही. म्हणजे चित्र बघणाऱ्याने कोणाच्या रांगेत नेपोलियनला बसवायचं, तेही चित्रकाराने ठरवून दिलंय.

आणि प्रत्यक्षात? नेपोलियनने तो घाट खेचरावरून ओलांडला, सोबत वाट दाखवणारा तिथलाच एक माणूस. बर्फाच्या निसरड्या वाटेवर शहाणा माणूस खेचरच घेणार! नेपोलियन चित्रासाठी दाविदसमोर धड बसलाही नव्हता. पुढे 1850 च्या सुमाराला देलारोश नावाच्या चित्रकाराने तोच प्रसंग खेचरासह रंगवला. त्यातला नेपोलियन थंडीने आखडलाय, विचारात गढलाय. खेचर बिचारं दमलंय.

माझ्या वर्गात मी ही दोन्ही चित्रं शेजारी शेजारी दाखवली. "यातला खरा नेपोलियन कोणता?" असं विचारलं. मुलांनी आधी घोडेवाला निवडला. मग खेचराची गोष्ट सांगितली, तेव्हा वर्ग हसला. पण एका मुलाने जे विचारलं, ते मला कुठल्याही प्रशिक्षणात मिळालं नव्हतं. तो म्हणाला, "बाई, पण मग खेचरावरून एवढा डोंगर ओलांडणं जास्त अवघड नाही का?"

बघा. चित्रामागचं खरं कळल्यावर त्या मुलाच्या मनातला नेपोलियन लहान झाला नाही. उलट त्याला त्या वाटेची थंडी पहिल्यांदा जाणवली.

आपल्या मातीतले घोडे

आता आपल्याकडे येऊ. महाराजांच्या हयातीच्या अगदी जवळच्या काळातलं त्यांचं एक अश्वारूढ चित्र आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. मनुची या इटालियन प्रवाशाने मीर मुहम्मद नावाच्या चित्रकाराकडून 1686 च्या आधी काढून घेतलेल्या चित्रांपैकी ते एक. त्यात महाराज घोड्यावर आहेत आणि सोबतचे शिपाई पायी चालले आहेत. चाल संथ आहे. उधळलेला घोडा नाही, आरोळी नाही. कुठेतरी निघालेला राजा आहे. तुमच्या शाळेत प्रोजेक्टर असेल तर हे चित्र आणि आजचं एखादं कॅलेंडरवरचं चित्र मुलांना शेजारी ठेवून दाखवा. दोन्हींत महाराजच आहेत, पण काळ वेगळा, चित्रकार वेगळा आणि पाहणाऱ्यांची गरज वेगळी.

ती गरज कशी बदलते, ते मुंबईच्या काळा घोडा या नावात छान दिसतं. इंग्लंडचा युवराज, म्हणजे पुढचा राजा सातवा एडवर्ड, 1875 मध्ये मुंबईत आला होता. त्याची आठवण म्हणून 1879 मध्ये त्याचा अश्वारूढ पुतळा तिथे बसवला. अल्बर्ट ससून या व्यापाऱ्याने तो शहराला भेट दिला होता. हेतू उघड होता. येणाऱ्याजाणाऱ्याने वर बघावं आणि इथे राज्य कोणाचं आहे ते लक्षात ठेवावं. लोकांनी काय लक्षात ठेवलं? घोडा! स्वाराचं नाव कोणी घेईना, जागेला नाव पडलं काळा घोडा. स्वातंत्र्यानंतर, 1965 मध्ये पुतळा तिथून हलवला आणि तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. जागेचं नाव मात्र तसंच राहिलं. 2017 मध्ये तिथे नवा काळा घोडा बसवला, पण त्याच्या पाठीवर कोणीच नाही. राजाचा रुबाब दाखवायला आणलेला घोडा राहिला आणि राजा उतरला!

याच्याच शेजारी पुण्याची गोष्ट ठेवा. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या पुढाकाराने पुण्यात शिवाजी महाराजांचा भव्य अश्वारूढ पुतळा उभारायचं ठरलं. 1921 मध्ये त्याची पायाभरणी कोणाच्या हस्ते झाली? इंग्लंडच्या युवराजाच्या, म्हणजे काळ्या घोड्यावरच्या त्या एडवर्डच्या नातवाच्या! पुतळा घडवला अलिबागजवळच्या सासवण्याच्या नानासाहेब करमरकरांनी, आणि 1928 मध्ये त्याचं अनावरण झालं. परक्याचं राज्य असताना, परक्या युवराजाच्या हस्ते पायाभरणी करून घेऊन, आपल्या राजाला त्याच उंचीवर बसवायचं. त्या काळच्या माणसांना तो पुतळा पाहताना काय वाटलं असेल, कल्पना करा. ज्या भाषेत इंग्रज आपली सत्ता सांगत होते, त्याच भाषेत आपणही आपला राजा सांगितला.

म्हणून मला वाटतं, पुतळा बघताना दोन प्रश्न विचारावेत. हा पुतळा कोणाचा आहे, आणि हा कोणी, कधी उभारला? पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाटीवर मोठ्या अक्षरात असतं. दुसऱ्याचं बारीक अक्षरात. मुलांना सहलीला नेलंत तर ती बारीक अक्षरंही वाचायला लावा.

तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप

आता एक गोष्ट तुमच्याही ग्रुपवर आली असेल. घोड्याचे दोन्ही पाय हवेत असतील तर स्वार लढाईत मेला, एक पाय उचललेला असेल तर जखमांमुळे मेला आणि चारही पाय जमिनीवर असतील तर नैसर्गिक मृत्यू. सामान्य ज्ञान म्हणून हे मुलांना सांगणारे शिक्षकही मी पाहिलेत. कृपया सांगू नका. असा कुठलाही सर्वमान्य नियम नाही.

पडताळून बघायला लांब जायला नको. कोल्हापूरला कावळा नाक्यावर महाराणी ताराराणींचा पुतळा आहे. घोडा मागच्या पायांवर उभा, पुढचे दोन्ही पाय हवेत. राजाराम महाराजांच्या निधनानंतर, 1700 पासून औरंगजेबाशी झुंज देणाऱ्या ताराराणी लढाईत गेल्या का? त्या 1761 पर्यंत जगल्या, म्हणजे ऐंशीच्या पुढे. सेंट पीटर्सबर्गला पीटर द ग्रेटचा पुतळा आहे, घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत. पीटर आजारपणात गेला. आणि आपले महाराज 1680 मध्ये रायगडावर गेले, रणांगणात नव्हे. त्यांच्या पुतळ्यांत घोड्याचे पाय किती तऱ्हांनी उचललेले असतात ते तुम्हीच मोजा.

घोड्याचा पाय उचललेला असतो तो जोर, वेग आणि ताबा दाखवायला. शिवाय ते शिल्पकाराचं कसबही असतं. एवढं वजन मागच्या दोन पायांवर तोलून धरणं सोपं नाही. पीटरच्या पुतळ्यात घोड्याच्या पायाखाली चिरडलेला साप आहे. तो शत्रूचं प्रतीक तर आहेच, पण घोड्याच्या शेपटीला टेकू द्यायलाही तो उपयोगी पडतो. विज्ञानात तोल शिकवताना हे उदाहरण जरूर वापरा.

आणि ताराराणींचा पुतळा दाखवाल तेव्हा मुलींचे चेहरे बघा. लगाम बाईच्याही हातात असतो, हे सांगायला वेगळा धडा लागत नाही.

"पण मुलांचा आदर कमी होईल"

हा विषय मी एका पालकसभेत काढला तेव्हा एक पालक जरा नाराज झाले. म्हणाले, "मॅडम, एवढ्या लहान वयात मुलांना असलं कशाला सांगायचं? त्यांच्या मनातला आदर कमी होईल."

त्यांची काळजी मला कळते. मीही शिवजयंतीला पुतळ्यासमोर हात जोडते, आणि जोडत राहीन. पण मला असं वाटतं, की जो आदर नुसत्या उंचीवर उभा असतो, तो उंच कोणीही चढला की त्याच्याकडे वळतो. आज मुलांच्या आजूबाजूला फ्लेक्स किती आहेत बघा. वाढदिवस कोणाचा, आणि फोटो कसा? खालून काढलेला, बोट वर, मागे उगवता सूर्य, आजूबाजूला छोट्या छोट्या चेहऱ्यांची रांग. घोडा तेवढा नाही, बाकी मांडणी तीच! ज्या मुलाला चित्र वाचता येतं, तो फ्लेक्सही वाचेल. ज्याला येत नाही, तो मोठा होऊन त्या रांगेत आपला चेहरा शोधेल.

आणि महाराजांच्या मोठेपणाला उंच चौथऱ्याची गरज नाही. शिवाजी पार्कवरचा पुतळा आठवा. तिथे महाराजांनी तलवार उगारलेली नाही. हात पुढे करून ते वाट दाखवतात. रुबाब कमी वाटतो का? मला तरी नाही वाटत.

त्याहून बोलकं आहे त्यांचं चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना गेलेलं पत्र. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आणि गवत आत्ताच उधळून टाकलंत तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि मग तुम्ही रयतेला त्रास द्याल, असं त्यात बजावलंय. गवताच्या गंजीजवळ विस्तव नेऊ नका, चुली आणि दिवे सांभाळा, इतक्या बारीक सूचना आहेत. राज्य करणारा माणूस घोड्याच्या चाऱ्याचा विचार करतोय, आणि तो चारा शेतकऱ्याच्या घरातून ओरबाडला जाऊ नये याचाही. खरी सत्ता आणि खरी जबाबदारी म्हणजे हीच ना? हे कुठल्या पुतळ्यात दाखवणार?

वर्गात काय करता येईल?

पहिली-दुसरीला आपण चित्रवाचन घेतो. जत्रेचं चित्र, बाजाराचं चित्र. डी.एड.ला असताना त्याचे पाठ आपण सगळ्यांनी घेतलेत. पण मुलांना अक्षरं वाचता यायला लागली की आपण चित्रवाचन बंद करतो. माझं म्हणणं एवढंच, की इतिहासाच्या तासाला ते पुन्हा सुरू करा. कुठलंही घोड्यावरच्या राजाचं किंवा राणीचं चित्र घ्या आणि हे प्रश्न विचारा:

1. आपण हे चित्र कुठून बघतोय? खालून, समोरून की वरून?
2. स्वाराचा चेहरा कसा आहे? घोड्याचा कसा आहे?
3. लगाम कोणत्या हातात? दुसऱ्या हातात काय आहे?
4. चित्रात अजून कोण आहे? ते पायी आहेत की घोड्यावर? कोणी असायला हवं होतं, पण दाखवलं नाही?
5. हे चित्र किंवा पुतळा कोणी करून घेतला? तो प्रसंग घडल्यावर किती वर्षांनी?
6. या घोड्याला दाणापाणी कोण देत असेल?

शेवटचा प्रश्न विसरू नका. तो विचारला की वर्गात मोतद्दार येतो, गवत कापणारी बाई येते, नाल ठोकणारा येतो. राजाच्या घोड्याखाली केवढी माणसं उभी आहेत ते मुलांना दिसतं.

पालकांनाही एक विनंती. पुढच्या वेळी चौकातून जाताना मुलाला नुसतं "नमस्कार कर" म्हणून पुढे जाऊ नका. दोन मिनिटं गाडी बाजूला घ्या. "घोडा बघ कसा उभा आहे? का असेल बरं?" एवढंच विचारा. नमस्कार त्यानंतर करा. तो जास्त मनापासून होईल.

राहता राहिलं त्या मुलीचं चित्र. ती आता पाचवीला दुसऱ्या शाळेत गेली. स्पर्धेची चित्रं आम्ही कपाटात ठेवतो, त्यात तिचं सापडलं. चिपळूणच्या पत्राबद्दल तिला काहीच माहीत नव्हतं. तरी दमलेल्या घोड्याला पाणी पाजणारा राजा तिला दिसला होता. परीक्षक असून मला तो दिसला नाही.

माझा शेरा मी खोडलाय. चित्र वर्गाच्या भिंतीवर लावलंय, फळ्याच्या शेजारी. नवीन मुलं दरवर्षी विचारतात, "बाई, महाराज घोड्यावर का नाहीत?" मी उत्तर देत नाही. म्हणते, "तुम्हीच सांगा."